वेड्या रोपाची गोष्ट

रोगांना नावे देण्यात शेतकऱ्यांचा हात कुणी धरणार नाही. आपल्याकडचे तांबेरा, करपा, भुरी हे शब्दच पाहा. नुसता शब्द ऐकला तरी पान डोळ्यांपुढे उभे राहते. जपानी शेतकऱ्यांनी भाताच्या एका रोगाला असेच बोलके नाव दिले : ‘बाकानाए’. याचा अर्थ वेडे रोप.

हा रोग झालेले रोप खुरटत नाही. उलट शेजारच्या रोपांच्या डोक्यावरून ते वर निघते. बारीक, फिकट आणि उंच. नवख्याला वाटावे, काय जोमदार वाढ आहे! पण असे रोप एक तर मरून जाते, नाही तर त्याच्या लोंबीत पळंज भरते. वाढ कधीकधी रोगही असते, हे त्या शेतकऱ्यांनी प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी ओळखले होते.

हे वेड एका बुरशीमुळे लागते, असे शोतारो होरी यांनी १८९८ मध्ये दाखवले. पुढचा प्रश्न तैवानात सुटला. तैवान तेव्हा जपानच्या ताब्यात होते. तिथे एइची कुरोसावा यांनी बुरशी द्रवात वाढवली, मग द्रवातून ती पूर्णपणे काढून टाकली आणि उरलेला द्रव निरोगी रोपांना दिला. बुरशीचा कणही नसताना रोपे उंच झाली. वेड बुरशीच्या अंगात नव्हते, तिने सोडलेल्या रसायनात होते. हे साल १९२६. पुढे तोक्योत तेइजिरो याबुता यांनी १९३५ मध्ये त्या रसायनाला ‘जिबरेलिन’ नाव दिले आणि १९३८ मध्ये त्याचे स्फटिकही मिळवले.

मग महायुद्ध आले. पाश्चात्त्य प्रयोगशाळांनी या संशोधनाकडे खऱ्या अर्थाने लक्ष दिले ते १९५० नंतर. आणि १९५८ मध्ये इंग्लंडमध्ये एक आश्चर्य उघड झाले : घेवड्याच्या कोवळ्या बियांतही जिबरेलिन सापडले! म्हणजे हे रसायन मुळात झाडाच्या घरचेच. बुरशीने झाडाची भाषा उचलली होती आणि त्याच भाषेत ती त्याला फसवत होती.

आपल्या नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागाईतदाराला हे रसायन ‘जीए’ या नावाने पाठ आहे. बी हा फळातला संजीवकाचा एक मोठा साठा. बिनबियांच्या द्राक्षात तो नसतो, म्हणून मणी बारीक राहतात. ती उणीव घड जीएच्या द्रावणात बुडवून किंवा फवारून भरून काढतात. वेड्या रोपाचे औषध असे आपल्या ताटातल्या द्राक्षांपर्यंत आले.

आता इतिहासातला एक योगायोग पाहा. जिबरेलिनचे बारसे झाले त्याच १९३५ साली जपानमध्येच ‘नोरिन १०’ हा बुटका गहू प्रसारित झाला. तो १९४६ मध्ये अमेरिकेला गेला. तिथून तो नॉर्मन बोरलॉग यांच्या हाती मेक्सिकोत पडला. त्याच्या वंशातल्या गव्हाचे १८ हजार टन बियाणे भारताने १९६६ मध्ये मागवले. खत घालूनही न लोळणाऱ्या या बुटक्या गव्हाने देशाची भूक भागवायला हातभार लावला. पण तो बुटका का, याचे उत्तर १९९९ मध्ये मिळाले. झाडाच्या पेशीत ‘डेला’ नावाची प्रथिने वाढीला ब्रेक लावून बसलेली असतात. जिबरेलिन आले की ती मोडीत निघतात आणि झाड उंच होते. नोरिनच्या वंशात हा ब्रेकच असा बदलला होता की जिबरेलिनचा हुकूम त्याला ऐकू येत नव्हता. एक रोप अतिवाढीने वेडे झाले, दुसरे वाढीला बधत नव्हते. दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच संजीवक होते!

पण बुरशीला रोप उंच करून मिळते काय? याचा धागा झाडाच्या संरक्षणात आहे. चमेलीच्या सुगंधी तेलातून १९६२ मध्ये जॅस्मोनेट वेगळे केले गेले. अळीने पान कुरतडले, किंवा पेशी मारून खाणारी बुरशी आली, की झाड याच जातीचे संजीवक बनवून विषारी, कडू द्रव्ये तयार करते. विषाणू आणि जिवंत पेशीवर जगणाऱ्या बुरशीसाठी दुसरे संजीवक असते, अॅस्पिरिनचे भावंड असलेले सॅलिसिलिक आम्ल. ही दोन संजीवके बहुधा एकमेकांना दाबतात.

जॅस्मोनेटच्या कामालाही एक ब्रेक असतो, ‘जॅझ’ नावाच्या प्रथिनांचा. २०१० मध्ये सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की डेला आणि जॅझ एकमेकांना धरून ठेवतात. जिबरेलिनने डेला मोडले की जॅझ मोकळे होते आणि संरक्षण दाबून टाकते. अळी चावून जॅझ मोडले, तर डेला मोकळे होते आणि वाढ रोखते. म्हणून जाणकारांचा तर्क असा : बुरशी रोपाला उंच करताना त्याच्या हातातली ढालही खाली ठेवायला लावत असावी.

मग वाढ आणि संरक्षण यांतले एकच निवडावे लागते का? २०१६ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात मोहरीच्या कुळातल्या एका रोपट्यातली काही जॅझ जनुके आणि प्रकाश ओळखणारे एक जनुक बंद केले. ते रोपटे वाढलेही आणि किडीला पुरूनही उरले. पण २०१८ मध्ये त्याच गटाने दहा जॅझ जनुके बंद केली, तेव्हा रोप चोवीस तास पहाऱ्यावर राहिले, खंगले आणि त्याला बीही कमी धरले.

औषधे फवारून थकलेल्या शेतकऱ्याला स्वतःचे रक्षण करणारे पीक हवेच आहे, आणि ते मिळण्याची आशा या संशोधनात आहे. फक्त हिशेब शेवटी दाण्यात करायला हवा. उंचीवर भुलायचे नाही, हे भाताच्या बांधावरच्या माणसाने ‘वेडे रोप’ या दोन शब्दांत कधीच सांगून ठेवले आहे.