गॅस गिझर : पाणी आत, धूर बाहेर

धाराशिव, खास प्रतिनिधी

बालाघाटाच्या पठारावर दिवाळीच्या सुमारास पहाटेचा गारवा वाढू लागतो आणि घरोघरी गरम पाण्याची निकड भासते. दोन सेलवर पेटणारा आणि नळ सोडताच गरम पाणी देणारा गॅस गिझर भारनियमन सोसलेल्या धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याला सोयीचा वाटावा, हे स्वाभाविकच आहे. मात्र गिझर म्हणजे भिंतीवर टांगलेली मोठी शेगडीच होय. तिला जेवढी गॅसची गरज असते तेवढीच हवेचीही असते, याचा विसर पडला की प्रसंग जिवावर बेततो. मार्च २०२३ मध्ये मुंबईतील घाटकोपर येथे धुळवड खेळून आलेले एक दाम्पत्य स्नानगृहात मृतावस्थेत आढळले. गॅस गिझरमुळे गुदमरून हा मृत्यू झाला असावा, असा संशय तेव्हा व्यक्त झाला होता.

वास न येणारे विष

अशा घटनांनंतर ‘गॅस गळती झाली’ असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात गळतीची सूचना नाक देते, कारण स्वयंपाकाच्या गॅसमध्ये उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. खरा धोका जळून गेलेल्या गॅसचा असतो. पुरेशी हवा न मिळाल्यास ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांची जळजळही नाही. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्टपणे त्याला धरून ठेवते. परिणामी शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. डोके जड होणे, मळमळ, भोवळ आणि पायांतील बळ जाणे ही त्याची लक्षणे. स्नान करणाऱ्यास ती वाफेची वा थकव्याची वाटतात आणि कडी काढण्याचेही त्राण उरत नाही.

बंद खोलीचे गणित

पूर्वी तांब्याचा बंब अंगणात किंवा परसात पेटे. त्याच्या पोटातून वर जाणारी नळी हेच त्याचे धुराडे. तापलेले पाणी तेवढे बादलीतून न्हाणीत येई, धूर बाहेरच राही. आता फ्लॅटमध्ये शेगडीच न्हाणीघरात आली आहे.

चार बाय सहा फुटांच्या आणि आठ फूट उंचीच्या न्हाणीघरात साधारण साडेपाच घनमीटर हवा असते. एक किलो गॅस जळण्यास सुमारे १२ घनमीटर हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गिझर पूर्ण क्षमतेने चालल्यास पंधरा मिनिटांत पाव किलोच्या आसपास गॅस जाळतो. म्हणजेच एका स्नानात खोलीतील निम्म्या हवेइतकी हवा खर्ची पडते. अभ्यंगस्नानाच्या पहाटे घरातील मंडळी एकापाठोपाठ स्नानास जातात, तेव्हा शेवटच्या व्यक्तीच्या वाट्याला कोणती हवा येत असेल, याचा विचार व्हावा.

गिझर कोठे असावा?

गिझर न्हाणीघरात बसवूच नये, हा पहिला व सर्वांत महत्त्वाचा नियम. तो बाल्कनीत, मागील मोकळ्या जागेत किंवा बाहेरच्या भिंतीवर आडोशाला असावा. तेथून केवळ गरम पाण्याची नळी आत न्यावी. सिलिंडरही बाहेरच हवा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. त्यामुळे सिलिंडरच्या जागेला तळाशी झरोका असावा.

धूरनळी जोडण्याची सोय असलेला गिझर घेतल्यास नळी त्याच्या तोंडापेक्षा कमी व्यासाची नसावी. ती शक्य तितकी सरळ वर जावी, वळणे कमीत कमी असावीत आणि टोकास पाऊस-वारा अडवणारी टोपी असावी. नळीचे तोंड उघड्या आकाशाखाली हवे. बंद डक्टमध्ये अथवा शेजाऱ्याच्या खिडकीखाली सोडलेला धूर दुसऱ्याच्या घरात शिरतो. धूर बाहेर गेला तरी ताजी हवा आत येण्यासाठी बंद न होणारी जाळी आवश्यकच आहे.

पंख्याचा भरवसा नको

एक्झॉस्ट पंखा लावला की काम झाले, हा समज घातक आहे. वीज गेल्यावर पंखा थांबतो, सेलवरचा गिझर मात्र चालूच राहतो. शिवाय हवा आत येण्यास वाट नसेल तर पंखा धूरनळीतील धूरच उलट खोलीत खेचू शकतो.

खरेदी करताना आयएस १५५५८ या भारतीय मानकाची खूण पाहावी. ज्योत विझल्यास व ऑक्सिजन घटल्यास गिझर आपोआप बंद होतो का, हेही विचारावे. वर्षातून एकदा, हिवाळ्यापूर्वी, जाणकाराकडून बर्नरची सफाई करून घ्यावी. निळ्याऐवजी पिवळी ज्योत किंवा गिझरच्या वरच्या भागावर काजळी दिसल्यास तो तत्काळ बंद करावा. बोअरच्या जड पाण्यामुळे नळ्यांत क्षार साचतात, पाणी तापण्यास वेळ लागतो आणि बर्नर अधिक काळ जळतो, याकडेही लक्ष असावे. यात्रेकरूंची वर्दळ असलेल्या तुळजापुरात खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी ही काळजी अधिकच घ्यावी.

त्रास झाल्यास

व्यक्तीस तातडीने मोकळ्या हवेत न्यावे, गॅस बंद करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. करोनाकाळात घरोघरी आलेल्या पल्स ऑक्सिमीटरवर विसंबू नये. त्याला कार्बन मोनॉक्साइड व ऑक्सिजन यांतील फरक कळत नाही आणि आकडा चांगलाच दिसतो. साध्या हवेत या विषाचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास चार-पाच तास लागतात, तर शुद्ध ऑक्सिजन दिल्यास सव्वा ते दीड तास पुरतो. म्हणूनच बरे वाटू लागले तरी रुग्णालय गाठणे आवश्यक. गॅसचा वास येत असल्यास १९०६ हा आपत्कालीन क्रमांक आहे.

न्हाणीघरातील गिझर बाहेर हलविण्यास थोडी अधिक नळी आणि प्लंबरची एका दिवसाची मजुरी लागते. थंडी सुरू होण्यापूर्वी एवढे काम उरकून घेणे प्रत्येक घराच्या हिताचे आहे.