भगिनीनगर संबंध

भगिनीनगर संबंध : दोन भिन्न देशांतील नगरांनी परस्परपरिचय, सांस्कृतिक व शैक्षणिक देवघेव आणि नागरी कारभारातील सहकार्य यांसाठी दीर्घ मुदतीने जोडलेला मैत्रीचा संबंध. अशा नगरांस ब्रिटनमध्ये ‘जुळी नगरे’, अमेरिकेत ‘भगिनीनगरे’, जर्मनीत ‘भागीदार नगरे’, तर रशियनभाषी प्रदेशात ‘बंधुनगरे’ म्हणतात. मराठीत ‘जुळी शहरे’ हा शब्दप्रयोग हैदराबाद–सिकंदराबादसारख्या एकमेकांस लागून असलेल्या शहरांसाठी रूढ असल्याने ‘भगिनीनगर’ ही संज्ञा अधिक सोयीची ठरते. हा संबंध राष्ट्राराष्ट्रांतील तहाहून वेगळा असतो. त्यात सीमा, सैन्य वा जकात यांविषयीची बंधने नसतात. तो पाळला नाही, तर दाद मागण्यास न्यायालयही नसते. त्याचे आयुष्य सर्वस्वी दोन्हीकडील लोकांच्या इच्छेवर व उद्यमावर अवलंबून असते. महाराष्ट्रात मुंबई व पुणे या महानगरांनी असे संबंध जोडले. बारामती व इंदापूर यांसारख्या लहान नगरांच्या परिसरातील परदेशसहकार्य मात्र मुख्यत्वे निराळ्या वाटेने, प्रत्यक्ष कामातून घडले. या दोन वाटांची तुलना केल्यास भगिनीनगर कल्पनेचे बळ आणि तिच्या मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात.

उगम व प्रसार : फ्रान्समधील ल मां आणि जर्मनीतील पाडरबोर्न या नगरांतील स्नेह ८३६ पासूनचा मानला जातो. त्या वर्षी संत लिबोरिअस याचे अवशेष ल मां येथून पाडरबोर्नला नेण्यात आले होते. तो संबंध धार्मिक स्वरूपाचा होता. आधुनिक अर्थाचे संबंध विसाव्या शतकातील युद्धांतून निर्माण झाले. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातील कीथली या नगराने फ्रान्समधील प्वा-द्यू-नॉर या उद्‌ध्वस्त गावाशी नाते जोडले. १९३१ मध्ये अमेरिकेतील टोलीडो व स्पेनमधील टोलेडो ही समान नावाची नगरे एकत्र आली.

या चळवळीचे सर्वांत बोलके उदाहरण कॉव्हेंट्री व स्टालिनग्राड यांचे होय. नोव्हेंबर १९४० मधील जर्मन बाँबहल्ल्यात कॉव्हेंट्रीचा मध्यभाग जळून गेला होता. पुढे स्टालिनग्राडच्या वेढ्याच्या वार्ता येऊ लागल्या, तेव्हा कॉव्हेंट्रीच्या आठशेंहून अधिक स्त्रियांनी आपापली नावे एका मेजपोसावर भरतकामाने उमटवून तो निधीसह त्या नगरास पाठविला. १९४४ मध्ये या स्नेहास औपचारिक रूप आले. युद्धानंतर शत्रुराष्ट्रांची नगरेही परस्परांजवळ आली. १९४७ मध्ये ब्रिस्टल–हॅनोव्हर व ऑक्सफर्ड–बॉन, तर १९५० मध्ये जर्मनीतील लुटविग्सबुर्ख व फ्रान्समधील माँबेल्यार यांचे संबंध प्रस्थापित झाले. फ्रान्स व जर्मनी यांच्यातील एलिझे करार १९६३ चा आहे; म्हणजे सरकारांनी मैत्रीवर शिक्कामोर्तब करण्यापूर्वीच नगरांनी तिला प्रारंभ केला होता.

अमेरिकेत डिसेंबर १९५५ मध्ये सेंट पॉल व जपानमधील नागासाकी यांचा संबंध जुळला. १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहौअर यांनी लोकांचे लोकांशी थेट नाते जोडण्याची योजना पुढे मांडली. तिच्यातून वाढलेली ‘सिस्टर सिटीज इंटरनॅशनल’ ही संस्था १९६७ मध्ये स्वतंत्र झाली. यूरोपात जुळ्या नगरांचा जागतिक संघ १९५७ मध्ये स्थापन झाला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७१ मध्ये ठराव करून नगरांच्या या सहकार्यास आंतरराष्ट्रीय सहकार्याचे एक साधन म्हणून मान्यता दिली.

भारतातील वैधानिक स्थिती : भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार परराष्ट्रव्यवहार आणि परदेशांशी करार हे विषय संघसूचीत येतात. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी अठरा विषय नमूद आहेत. त्यांत पाणीपुरवठा, रस्ते, उद्याने, सार्वजनिक आरोग्य इत्यादींचा समावेश असला, तरी परदेशी संबंधांचा नाही. म्हणून भारतीय नगराने परदेशी नगराशी करार करताना केंद्र शासनाची संमती आवश्यक ठरते. स्वतःचा परराष्ट्रविभाग, दुभाषे व प्रवासखर्चाची तरतूद या गोष्टी महानगरपालिकेलाही जड जातात. बारामती व इंदापूर यांचा कारभार महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम, १९६५ अन्वये चालतो. अशा नगरपरिषदांची मिळकत बहुतांशी दैनंदिन नागरी सेवांवरच खर्ची पडते. परिणामतः महाराष्ट्रात औपचारिक करारांचा लाभ प्रामुख्याने मोठ्या शहरांना झाला.

मुंबई : मुंबईचे भगिनीनगर संबंध बंदर व उद्योग यांच्या मार्गाने आले. जमशेटजी टाटा यांच्या सहकार्याने जपानच्या निप्पोन यूसेन काइशा या कंपनीने १८९३ मध्ये मुंबई–जपान नियमित जहाजवाहतूक सुरू केली आणि भारतीय कापूस जपानी गिरण्यांकडे जाऊ लागला. १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्‌ध्वस्त झाले, तेव्हा तेथील भारतीय व्यापाऱ्यांना स्थानिकांनी साहाय्य केले. त्याची कृतज्ञता म्हणून भारतीयांनी यामाशिता उद्यानात पाणपोई उभारून दिली. १९६५ मध्ये मुंबई व योकोहामा ही भगिनीनगरे झाली, तेव्हा या जुन्या परिचयास नाव मिळाले. १९६८ मध्ये श्टुटगार्टशी संबंध जुळला. त्यापूर्वी, १९५४ मध्येच, टाटा उद्योगसमूह व श्टुटगार्टची डाइमलर-बेंझ कंपनी यांच्यात मालमोटारींच्या निर्मितीसाठी सहकार्य सुरू झाले होते. १९७२ मध्ये लॉस अँजेल्स, १९७७ मध्ये दक्षिण कोरियातील बुसान व २०१४ मध्ये शांघाय यांची त्यात भर पडली.

व्यापाराऐवजी वारशाच्या आधारे जुळलेल्या संबंधाचे उदाहरण औरंगाबादचे आहे (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर). मे २०१५ मध्ये चीनमधील डुनह्‌वांगशी त्याचा करार झाला. अजिंठ्याची लेणी आणि डुनह्‌वांगजवळील मोगाव लेणी ही दोन्ही बौद्ध चित्रकलेची महत्त्वाची केंद्रे आहेत. त्यांना जोडणारा मध्य आशियाई मार्ग करारापेक्षा दीड हजार वर्षांनी जुना आहे.

पुणे : पुण्याच्या संबंधांत दोन प्रकार दिसतात. पहिला नागरी सौहार्दाचा. अमेरिकेतील सॅन होसे व जपानमधील ओकायामा ही १९५७ पासून भगिनीनगरे आहेत. ओकायामात १७०० मध्ये पूर्ण झालेले कोराकुएन हे प्रसिद्ध उद्यान असून त्याच्या धर्तीवर सॅन होसे येथे १९६५ मध्ये मैत्री-उद्यान खुले झाले. १९९२ मध्ये पुणे व सॅन होसे ही भगिनीनगरे झाली. पुढे ओकायामाशीही पुण्याची मैत्री जुळून सिंहगड रस्त्यावर कोराकुएनच्याच धर्तीवर पुणे–ओकायामा मैत्री उद्यान उभारण्यात आले, त्यास पु. ल. देशपांडे यांचे नाव देण्यात आले आहे. अशा रीतीने एकाच उद्यानाची प्रतिरूपे दोन खंडांतील देशांत या स्नेहाची खूण म्हणून आढळतात.

दुसरा प्रकार विकासकार्याचा. जर्मनीतील ब्रेमेनशी असलेला संबंध या प्रकारात मोडतो. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रेमेनमधील नागरिकांच्या गटांनी पुण्याशी नाते जोडले. त्यांनी भागीदारीऐवजी ‘नगरांची एकजूट’ या अर्थाचा शब्द योजला. एक नगर संपन्न व दुसरे साधनांनी तोकडे असताना केवळ शिष्टमंडळांची ये-जा निरर्थक ठरेल, हा विचार त्यामागे होता. १९७७ मध्ये ब्रेमेन येथे स्थापन झालेल्या ‘बोर्डा’ या संस्थेने पुणे परिसरात जैववायू म्हणजेच गोबरगॅस संयंत्रांच्या प्रसारात भाग घेतला. बंदिस्त खड्ड्यात शेण व पाणी कालवून कुजविल्यास जंतूंच्या क्रियेने मिथेनयुक्त वायू तयार होतो. तो चुलीस मिळतो आणि उरलेली मळी शेतास खत म्हणून उपयोगी पडते. यामुळे सरपण वाचते, तसेच गृहिणीची धुरापासून सुटका होते.

हे ज्ञान ब्रेमेनने पुण्यास नव्याने दिले, असे मात्र नव्हे. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरुग्णालयात १८९७ मध्येच मैल्यापासून वायू मिळविण्यात आला होता. जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचे संयंत्र सिद्ध केले व खादी आयोगाने १९६० च्या दशकात त्याचा देशभर प्रसार केला. ब्रेमेनच्या संस्थांनी येथे शिकलेले पुढे अन्य देशांतही वापरले. संपन्न नगरानेही तोकड्या साधनांच्या प्रदेशाकडून घेण्यासारखे काही असते, हे यातून सिद्ध होते. पुण्यातील औंध भागातील चौकास ब्रेमेनचे नाव आहे. चौकाचे नाव ही मैत्रीची दृश्य खूण होय; तिचा आधार मात्र ग्रामीण घरांतील चुलीपर्यंत पोहोचलेल्या कामात आहे.

बारामती व इंदापूर : पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील हे दोन तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतात. त्यांच्या दक्षिणेस नीरा नदी असून इंदापूरच्या उत्तरेकडून भीमा वाहते. दोहोंचा संगम नरसिंगपूर येथे होतो. नीरा डाव्या कालव्याखालील पट्टा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बागायती झाला, परंतु कालव्याच्या वरच्या अंगाची गावे जिरायतच राहिली. त्यांच्या वाट्यास वारंवार अवर्षण येई.

या भागाचा दूरदेशाशी आलेला संबंध नगरपालिकेच्या ठरावातून आला नाही. ऑस्ट्रेलियातील ‘चर्चेस ऑफ क्राइस्ट’ या पंथाच्या मिशनचे काम बारामती परिसरात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून चालू होते. १९६० च्या दशकात दुष्काळाने गांजलेल्या गावांत ‘कासा’ या ख्रिस्ती साहाय्यसंस्थेमार्फत आलेले धान्य कामाच्या मोबदल्यात देऊन पाझर तलाव बांधण्याचा उपक्रम सुरू झाला. त्यात अप्पासाहेब पवार व त्यांचे बंधू शरद पवार यांनी पुढाकार घेतला. नाल्याच्या योग्य जागी मातीचा बांध घालून पावसाचे पाणी अडविले म्हणजे ते हळूहळू भूगर्भात मुरते आणि बांधाच्या खालच्या अंगाच्या विहिरींची पातळी वाढते. अशा तलावांतून पाट काढला जात नाही; त्याचा लाभ विहिरींवाटे मिळतो. ऐन टंचाईत आयते वाटलेले धान्य खाऊन संपले असते, पण तेच मजुरीच्या रूपाने दिल्याने बांध मागे उरला. तो गावकऱ्यांच्या स्वतःच्या श्रमातून उभा राहिल्याने त्याची निगाही त्यांनी आपली मानली. १९७१ मध्ये अप्पासाहेबांच्या नेतृत्वाखाली बारामती येथे अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टची स्थापना होऊन या कामास संस्थेचे रूप मिळाले. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात तीव्र दुष्काळ पडला. कालांतराने याच संस्थेच्या कृषिविज्ञान केंद्रात नेदर्लंड्सच्या सहकार्याने भाजीपाला-गुणवत्ता केंद्र उभे राहिले. दुष्काळातील धान्यमदतीपासून आरंभ झालेला परदेशसंबंध अशा रीतीने तंत्रज्ञानाच्या सहकार्यापर्यंत आला.

या घटनाक्रमात भगिनीनगराचा करार कोठेही नाही. तरी अशा करारात अपेक्षित असलेल्या बहुतेक गोष्टी, म्हणजे दीर्घ परिचय, प्रत्यक्ष काम, स्थानिक संस्था व ज्ञानाचा विनिमय, त्यात आढळतात. एका गोष्टीची उणीव मात्र राहिली, ती परतभेटीची. बारामतीचा शेतकरी मदत घेणारा वा शिकणारा म्हणून परदेशास माहीत झाला. तो समान दर्जाचा नागरिक या नात्याने दुसऱ्या नगराचा पाहुणा क्वचितच झाला. भगिनीनगर संबंध ही उणीव भरून काढू शकतो, कारण त्यात दोन्ही पक्ष यजमान आणि दोन्ही पक्ष पाहुणे असतात.

मूल्यमापन : भगिनीनगर संबंधांवर दोन आक्षेप घेतले जातात. एक, ते पदाधिकाऱ्यांच्या दौऱ्यांपुरते उरतात. दुसरा, राजकीय वादळात ते टिकत नाहीत. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. सॅन फ्रान्सिस्कोतील युद्धकालीन पीडित स्त्रियांच्या स्मारकावरून ओसाका नगराने १९५७ पासूनचा संबंध २०१८ मध्ये तोडला. रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर २०२२ मध्ये कॉव्हेंट्रीने व्होल्गोग्राडशी, म्हणजेच पूर्वीच्या स्टालिनग्राडशी, असलेला आपला प्रसिद्ध संबंध स्थगित केला. महाराष्ट्रात अडचण निराळी आहे. महापौरपदाची मुदत अडीच वर्षांची असल्याने एकाने जोडलेला स्नेह दुसऱ्याच्या काळात मागे पडू शकतो. मार्च २०२२ मध्ये पुणे महानगरपालिकेची मुदत संपल्यावर निवडणुका लांबून कारभार प्रशासकांकडे गेला. त्या काळात परदेशी नगराच्या पत्रास नगराच्या वतीने उत्तर देणारा लोकनियुक्त प्रतिनिधीच नव्हता.

म्हणूनच ज्या संबंधांमागे नागरिकांच्या संस्था, शाळा, उद्योग वा शेतकरी उभे असतात, ते पदांच्या फेरबदलात तग धरतात. पुणे–ब्रेमेन संबंधाचे दीर्घायुष्य आणि बारामतीच्या पाझर तलावांचा अनुभव हे दोन्ही याच निष्कर्षाकडे निर्देश करतात. मोठ्या नगरांपाशी करार आहेत, पण ते कामाने भरावे लागतात. लहान नगरांपाशी काम आहे, पण त्यास समान दर्जाच्या नात्याचे रूप यावयाचे आहे. पाणी, शेती व घनकचरा हे प्रश्न समान असलेल्या लहान नगरांनी परस्परांशी संबंध जोडल्यास खर्च मर्यादित राहून लाभ प्रत्यक्ष दिसू शकतो. कॉव्हेंट्रीच्या मेजपोसावर नावे होती ती सामान्य स्त्रियांची. नगराचे नाव करारावर असले, तरी मैत्री निभावतात त्या नगरातील माणसे; आणि या बाबतीत इंदापूरची क्षमता मुंबईपेक्षा उणी मानण्याचे कारण नाही.