आपली विहीर आणि तिच्या आधीची वाडी

स्मरणिकेसाठी सोसायटीचा इतिहास मी लिहावा असे समितीने ठरवले. नोंदणी, पहिली कमिटी, लिफ्टचा वाद, गच्चीची गळती हे सगळे चिटणीसांच्या अहवालात आहेच, त्यामुळे तिकडे मी वळत नाही. बँकेत खाते तपासताना आरंभीची शिल्लक आधी बघायची आम्हाला सवय. आपल्या सोसायटीची आरंभीची शिल्लक म्हणजे मागच्या बाजूची जुनी विहीर. ती बुजवून तिथे गाड्यांसाठी जागा करावी, असा विषय येत्या वार्षिक सभेपुढे आहे. मत कुणीही कसेही द्यावे, पण विहिरीची हकीकत ठाऊक असलेली बरी. नवीन कुटुंबांना ती माहीत असण्याचे कारणच नाही.

नागाव हे अष्टागरातले गाव. आठ आगरे म्हणजे नारळी-पोफळीच्या बागायतीची आठ गावे. ही आठ कोणती, यावर दोन माणसांचे एकमत होत नाही. पण नागाव यादीतून सहसा सुटत नाही. शेजारच्या आक्षीला शिलाहार केसीदेवाच्या काळातला शिलालेख आहे. तो शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा मानला जातो आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. दक्षिणेला चौलचे बंदर. तिथे देशोदेशीची गलबते लागत होती, पुढे पोर्तुगीज आले, मग १७४० मध्ये रेवदंडा मराठ्यांकडे आला. इतकी माणसे इथे शतकानुशतके का टिकून राहिली? बंदर हे एक कारण झाले. दुसरे कारण आपल्या पायाखाली आहे, ते म्हणजे समुद्रापासून हाकेच्या अंतरावर मिळणारे गोडे पाणी.

पाहुणे हमखास विचारतात, "काका, एवढा समुद्र जवळ, मग विहिरीचं पाणी गोड कसं?" त्याचे उत्तर असे. आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि किनाऱ्याची रेताड जमीन तो पिऊन टाकते. समुद्राचे खारे पाणी गोड्यापेक्षा जड, हजार लिटरमागे साधारण पंचवीस किलोने. त्यामुळे जमिनीच्या पोटात गोडे पाणी खाऱ्यावर तरंगते, दुधावर साय धरावी तसे. साय अलगद काढली तर खालचे दूध ढवळत नाही. जुन्या माणसांना शास्त्र ठाऊक असो वा नसो, त्यांची पाणी काढण्याची रीत मात्र साय काढण्याचीच होती.

ती रीत म्हणजे रहाट. नागावात वाडी तिथे विहीर आणि विहीर तिथे रहाट. झापड बांधलेला बैल किंवा रेडा गोल फिरायचा, लोट्यांची माळ पाण्यात बुडून वर यायची, पन्हळीत रिकामी व्हायची, आणि पाटाने ते पाणी एकेका आळ्यात जायचे. वर माड, त्याखाली पोफळ, तिच्या अंगावर मिरीचा किंवा पानाचा वेल, मध्येच जायफळ, खाली केळी आणि अळू. पोफळीला सावली लागते आणि उन्हाळ्यात वरचेवर पाणीही लागते. म्हणून शिंपण्याच्या पाळीवर घराचे वेळापत्रक चाले. लग्नाचे मुहूर्तसुद्धा शिंपणे सांभाळून धरत, असे जुनी मंडळी सांगत.

आपली जागा ज्यांच्याकडून घेतली त्या घरातल्या काकू पुढे बरीच वर्षे सणासुदीला सोसायटीत येत. त्यांच्या सासूबाई पहाटे अंथरुणातूनच रहाटाचा आवाज ऐकत. काकू म्हणायच्या, "साहेब, आवाज चालू असला की झोप लागायची. थांबला की जाग यायची. म्हणजे बैल तरी थांबला किंवा गडी तरी झोपला." दुपारी त्याच पन्हळीखाली पोरांच्या आंघोळी होत. बायका पडवीत झावळ्यांचे झाप विणत आणि हीर काढून खराटे बांधत. त्यांच्या झापांची वीण इतकी घट्ट असे की शेजारच्या वाड्यांतूनही मागणी यायची. याला कुणी कला म्हणत नव्हते. परवा आपल्या महिला मंडळाने हस्तकलेचे प्रदर्शन भरवले, तेव्हा मला ते झाप आठवले.

१९८३ मध्ये माझी बदली अलिबागला झाली. आदल्याच वर्षी नाबार्डची स्थापना झाली होती, आणि शेतीपंपाच्या कर्जांवर बँकांचा मोठा भर होता. त्या निमित्ताने मी नागाव-आक्षीच्या वाड्या पायी फिरलो. पंप आला तसे एकेक करून रहाट उतरले, लाकूड सरपणात गेले. पुष्कळांना याची हळहळ वाटते, मला तेवढी वाटत नाही. रहाटाचा आवाज गोड वाटतो तो पाहुण्याला. दिवसभर त्यामागे उभ्या राहणाऱ्या गड्याला आणि बैलाला कुणी विचारले नाही. फरक पडला तो दुसऱ्याच बाजूने. बैल थकला की पाणी आपोआप थांबत असे. पंप थकत नाही. जोराने आणि फार वेळ उपसले की खालचे खारे पाणी वर ओढले जाते. मे महिन्यात काही विहिरींचे पाणी मचूळ होते, ते यामुळे.

पंचवीस वर्षांपूर्वी इमारत उभी राहिली तेव्हा वाडीतले अकरा माड आणि ही विहीर, एवढेच शिल्लक राहिले. बाग मात्र आपण पुन्हा केली. अबोली, मोगरा, जाई, कुंपणालगत कढीलिंब. सुट्टीत आपली नातवंडे येतात. पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस, तिथून एसटी, असा अर्धा दिवस मोडायचा. २०२० च्या मार्चपासून मांडव्याला रो-रो सुरू झाली आणि गाड्याच थेट बोटीतून उतरू लागल्या. पार्किंगचा प्रश्न सुरू झाला तो तिथून, हेही खरे.

त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. टाळेबंदी चालू होती, आपण सारे घरात. दुपारी माड मोडण्याचे आवाज येऊ लागले, ते अजून कानात आहेत. अकरापैकी सात पडले. नागाव-चौलच्या वाड्यांत पिढ्यांनी जपलेल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या. वीज गेली ती आपल्याकडे बारा दिवस आली नाही. टाकी रिकामी, बोअरचा पंप बंद. तेव्हा दोन दोर आणि चार बादल्या जमवून, तोंडाला मास्क लावून, आपण पाळीपाळीने विहिरीचे पाणी शेंदले. तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत जिन्यात कळश्यांची साखळी लागली होती. ज्यांच्यात गच्चीच्या गळतीवरून बोलणे बंद होते, ते एकमेकांच्या हातात कळशी देत होते. त्या पावसाळ्यात लावलेल्या पोफळींपैकी तिघींना यंदा पहिली पोय आली आहे. जाता-येता मान वर करून जरूर बघा.

आता थोडा हिशोब, सवय जात नाही म्हणून. आपल्या गच्चीचे क्षेत्रफळ सुमारे ४०० चौरस मीटर. दोन मीटर पाऊस धरला तर तिच्यावर वर्षाला आठ लाख लिटर पाणी पडते. गळती, बाष्पीभवन, पहिल्या पावसाचे घाण पाणी वजा करून सहा लाख तरी राहते. दहा हजारांचा टँकर धरला तर साठ टँकर. हे पाणी आज नळीवाटे रस्त्यावर जाते. ते गाळून विहिरीत सोडले तर गोड्या पाण्याची साय तेवढी जाड होईल. विहीर बुजवली तर नऊ गाड्या लागतील. या दोन रकमा समोरासमोर मांडून मग मत द्यावे, एवढीच विनंती. माझे मत कुणाला वेगळे सांगायला नको.

दर महिन्याच्या १ तारखेला मी दोरी सोडून पाण्याची पातळी मोजतो आणि चव बघतो. गेल्या चौदा वर्षांची वही कार्यालयातल्या कपाटात आहे, कुणीही पाहावी. सभेच्या आदल्या रविवारी सकाळी आठ ते दहा विहिरीची जाळी उघडी ठेवू. मुलांना घेऊन या, मात्र कठड्यापाशी त्यांचा हात सोडू नका.