स्प्रिंग, उंची उतरवलेल्या क्लासिक मोटारीची

मोटार बसकी करताना चाकाला वर जायला उरलेली जागा, गाडीचे वजन आणि शॉक ॲब्सॉर्बर यांच्याशी जुळणारी स्प्रिंग निवडावी लागते. गाडी किती खाली यावी, स्प्रिंग किती कडक असावी आणि भार नसताना तिची लांबी किती असावी, हे तीन वेगळे निर्णय आहेत.

एमजीबी ही या विषयातली बोलकी गाडी. इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात ती १९६२ ते १९८० या काळात तयार झाली. अमेरिकेच्या नव्या नियमांना तिचे हेडलाइट ठेंगणे ठरले, तेव्हा ब्रिटिश लेलँडने पुढचा भाग नव्याने आखण्याऐवजी सबंध गाडीच सुमारे २५ मिमी उचलली. क्रोमच्या जागी जड रबरी बंपर आले. १९७५ च्या मॉडेलमधून तर पुढचा अँटी-रोल बारही काटकसरीपायी गेला आणि गाडी वळणावर झुकू लागली. १९७७ च्या मॉडेलपासून मागेही अँटी-रोल बार देऊन कंपनीने बरेच सावरले, पण उंची तशीच राहिली. ती उतरवण्याचे काम मालकांवर आले.

झटपट मार्ग म्हणजे कॉइल स्प्रिंगचा वेढा कापणे. त्याने गाडी खाली बसते आणि स्प्रिंग कडकही होते: भार झेलणारे वेढे आठाचे सात झाले, तर कडकपणा सुमारे १४ टक्के वाढतो. तारेच्या जाडीचा परिणाम याहून तीव्र असतो. १२ मिमीऐवजी १३ मिमी तार घेतली आणि बाकीची मापे तीच ठेवली, तर वाढ सुमारे ३८ टक्के होते. आखूड स्प्रिंगचा खरा धोका चाक लोंबकळते तेव्हा असतो. ती सैल पडून बैठकीतून निसटू शकते.

थोडा कडकपणा मात्र हवाच. चाकाला वर जायला ७५ मिमी जागा होती आणि गाडी २५ मिमी उतरवली, तर ५० मिमीच उरतात. जुन्याच स्प्रिंगवर बंप स्टॉप, म्हणजे चाकाची वरची धाव अडवणारा रबरी ठोकळा, लवकर आदळतो. तेवढाच जादा भार आदळण्याआधी पेलायचा, तर चाकाशी जाणवणारा कडकपणा दीडपट लागतो.

चाकाशी जाणवणारा कडकपणा स्प्रिंगच्या आकड्याएवढा नसतो. चाक धरणाऱ्या विशबोन या दांड्यामुळे स्प्रिंग चाकाच्या हालचालीच्या ०.६ पट दबत असेल, तर चाकाला कडकपणाचा ०.३६ पट भागच मिळतो. अशा गाडीत २५ मिमी उतरण्यासाठी भाराखालची स्प्रिंग फक्त १५ मिमी आखूड लागते.

रबरी बंपरच्या एमजीबीत पुढची उंची क्रॉसमेंबर (पुढचे सस्पेन्शन पेलणारी आडवी तुळई) बदलून वाढवली होती. म्हणून जुन्या, क्रोम बंपरच्या गाडीचा क्रॉसमेंबर बसवला की विशबोनचे कोन न बिघडता पुढचा भाग खाली येतो. आखूड स्प्रिंगने ते कोन बदलतात. मागे कॉइलऐवजी पाट्यांच्या स्प्रिंग आहेत. तिथे कमी बाकाचे पाटे घालतात किंवा पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळा देतात. ठोकळ्याने उंची उतरते, पाट्याचा कडकपणा तोच राहतो.

एमजीबीत पुढच्या लिव्हर-आर्म शॉक ॲब्सॉर्बरचा दांडाच वरच्या विशबोनचे काम करतो. स्प्रिंग बरीच कडक केली, तर त्याच्या व्हॉल्व्हची जुळणीही बदलावी लागते, नाहीतर खड्ड्यानंतर गाडी उसळत राहते. पाट्याच्या डोळ्यातील रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर, नव्या उंचीला उभी राहिल्यावरच शेवटचे आवळतात; जॅकवर आवळल्यास रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते.