गावच्या नाटकाचे फोटो मोबाईलवर कसे काढाल? फ्लॅश बंद ठेवा, रंगीत तालीम चुकवू नका

जत्रा-यात्रांचा हंगाम आला की गावोगावी हौशी नाटकांच्या तालमी सुरू होतात. दिवसभर शेतातली कामं उरकून मंडळी रात्री शाळेत नाहीतर देवळात जमतात. एवढी मेहनत करून प्रयोग मात्र बहुतेक ठिकाणी एकच होतो. व्यावसायिक नाटकाचा आजचा फोटो फसला तर पुढच्या प्रयोगाला काढता येतो, गावच्या नाटकाला ती सोय नाही. त्या रात्रीचे फोटो हीच पुढे नाटकाची आठवण उरते. म्हणून थोडी तयारी आधीच केलेली बरी.

रंगीत तालमीत फोटो काढा

प्रयोगाच्या आधी पूर्ण वेशभूषा, रंगभूषा आणि लाईटसह रंगीत तालीम होते. चांगले फोटो मिळवायची खरी वेळ हीच. समोर प्रेक्षक नसतात, स्टेजजवळ जाता येतं, एखादा प्रसंग कलाकारांना पुन्हा करायला सांगता येतो. शिवाय कोणत्या प्रवेशात कोण कुठं उभं राहणार हे कळतं, त्यामुळे प्रयोगाच्या रात्री धावपळ होत नाही.

फ्लॅश का नको?

मोबाईलचा फ्लॅश जेमतेम तीन-चार मीटरपर्यंत पोचतो. मागून मारलेला फ्लॅश स्टेजवर न जाता पुढच्या रांगेतल्या डोक्यांवर पडतो. जवळून मारला तर कलाकाराचे डोळे दिपतात, तो संवाद विसरू शकतो किंवा अंधारात पायरी चुकू शकतो. लाईटवाल्यानं केलेली प्रकाशयोजनाही फोटोत पुसली जाते.

मोबाईलची सेटिंग

- लेन्स आधी मऊ कापडानं पुसा. मोबाईल सायलेंट करा, स्क्रीनचा उजेड कमी ठेवा.
- स्क्रीनवर कलाकाराच्या चेहऱ्यावर बोट ठेवा. चेहरा पांढराफटक दिसला तर उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा.
- बोटांनी झूम करू नका, फोटो फुटतो. शक्य तेवढं जवळ बसा.
- नाईट मोड स्थिर प्रसंगापुरताच वापरा. त्यात कॅमेरा जास्त वेळ उजेड घेतो, त्यामुळे हलणारा कलाकार पुसट येतो.
- एलईडी लाईटमुळे फोटोवर आडव्या पट्ट्या आल्या तर प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यानं यानं पट्ट्या बहुधा जातात.
- हात टेकवून फोटो काढा. संवाद संपून कलाकार क्षणभर थांबतो, तेव्हा बटण दाबा.

कुठं बसावं?

पहिल्या रांगेच्या एका कडेला, खाली बसून. मधे उभं राहिलं की मागचे प्रेक्षक ओरडणारच. एक जागा पहिल्या अंकाला धरा, दुसरी मध्यंतरानंतर. नुसते नायक-नायिका टिपू नका. विंगेतला प्रॉम्प्टर, तबला-पेटीवाले, पडदा ओढणारा, नेपथ्य लावणारी पोरं यांचेही फोटो घ्या. नाटक यांच्या जिवावरही उभं राहतं, पण फोटोत बहुतेकदा हेच नसतात.

परवानगी महत्त्वाची

रंगभूषेच्या खोलीत कपडे बदलताना कुणाचाही फोटो काढू नये. बऱ्याच गावांत स्त्री भूमिकेसाठी बाहेरगावाहून अभिनेत्री येतात. त्यांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकू नयेत. लहान मुलांच्या बाबतीत पालकांना विचारा. पूर्ण नाटकाचं शूटिंग करून यूट्यूबवर टाकायचं असेल तर नाटककाराची परवानगी लागते. नाटककाराच्या निधनानंतरही ६० वर्षे कॉपीराईट राहतो, तोपर्यंत वारसांना किंवा ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांना विचारावं लागतं.

फोटो जपून ठेवा

व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो दाबला जाऊन बारीक होतो. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मंडळाकडे एक पेन ड्राईव्ह आणि दुसऱ्या कुणाकडे एक कॉपी असावी, कारण मोबाईल हरवला की सगळंच जातं. सोबत नाटकाचं नाव, लेखक, दिग्दर्शक, तारीख आणि डावीकडून उजवीकडे कलाकारांची नावं लिहून ठेवा. निवडक पाच-सहा फोटो स्टुडिओत छापून मंडळाच्या खोलीत लावा. नावं नसलेल्या फोटोतली माणसं वीस वर्षांनी गावातल्या पोरांनाही ओळखता येत नाहीत.