ऑफ-रोड गाडीतला आराम: स्प्रिंगचं काम कोणतं, शॉक ॲब्सॉर्बरचं कोणतं?

कच्च्या रस्त्यावर गाडी आदळायला लागली की पहिला संशय शॉक ॲब्सॉर्बरवर जातो. 'शॉक गेलेत, बदलून टाका' हा सल्लाही लगेच मिळतो. नावच तसं आहे: धक्का शोषणारा. प्रत्यक्षात धक्का झेलते ती स्प्रिंग. शॉक ॲब्सॉर्बर त्या स्प्रिंगला आवरतो, म्हणून अभियंते त्याला 'डॅम्पर' म्हणतात आणि तेच नाव जास्त खरं आहे. ही दोन कामं वेगळी आहेत हे लक्षात न घेता महागडे, कडक शॉक बसवले जातात आणि गाडी पूर्वीपेक्षा जास्त हादरते.

स्प्रिंग किती मऊ असावी?

चाक दगडावर चढतं तेव्हा स्प्रिंग दबते आणि चाकाला वर येऊ देते. गाडीचं धड मात्र जवळपास जागच्या जागी राहतं. स्प्रिंगचा मऊपणा समजून घ्यायला एक सोपा हिशोब आहे. उभ्या गाडीच्या वजनाने स्प्रिंग सुमारे २५ सेंटिमीटर दबत असेल, तर धड सेकंदाला एकदा वरखाली होतं. ६ सेंटिमीटरच दबत असेल, तर सेकंदाला दोनदा. बहुतेक मोटारी सेकंदाला एक ते दीड हेलकाव्यांच्या आसपास बसवलेल्या असतात.

या आकड्यांमागे माणसाचं शरीर आहे. बसलेल्या माणसाला उभ्या दिशेतले सेकंदाला ४ ते ८ कंप सर्वांत जास्त त्रास देतात, कारण पोट, छाती आणि पाठीचा कणा त्याच लयीत थरथरू लागतात. याउलट सेकंदाला अर्ध्यापेक्षाही कमी हेलकावे झाले तर होडीत बसल्यासारखं मळमळतं. अमेरिकी लष्कराने तर यावरून वेगाची मर्यादाच ठरवली: चालकाच्या शरीरात कंपनांची ६ वॅट शक्ती शोषली जाऊ लागली की त्या खडबडीत जमिनीवर त्या वाहनाचा कमाल वेग गाठला, असं धरतात. इंजिनात जोर शिल्लक असला तरी माणूस त्यापुढे फार वेळ टिकत नाही.

मग स्प्रिंग हवी तितकी मऊ का करत नाहीत? मऊ स्प्रिंगला दबायला जागा लागते. जागा संपली की ॲक्सल रबरी बंप स्टॉपवर आपटतो, आणि कंबरेत बसणारा तो जोरदार धक्का बहुधा याच आपटण्याचा असतो. म्हणूनच ऑफ-रोड गाडीत चाकाला वरखाली जायला भरपूर वाव देतात. १९७० मध्ये आलेल्या पहिल्या रेंज रोव्हरने हेच केलं. कंपनीची लँड रोव्हर तेव्हा पाट्यांवरच चालत होती. रेंज रोव्हरला मात्र लांब चालीच्या कॉइल स्प्रिंग दिल्या गेल्या.

पाट्यांची गंमत ग्रामीण महाराष्ट्राला वेगळी सांगायला नको. वडापची जीप रिकामी असली की उडते आणि खचाखच भरली की मऊ चालते. जास्त ओझं पेलण्यासाठी बनवलेला पाटा रिकाम्या गाडीखाली नीट दबतच नाही, म्हणून हेलकावे जलद आणि टोचणारे होतात. ओझं वाढलं की तेच हेलकावे संथ होतात. शिवाय पाटे एकमेकांवर घासतात. बारीक खडीवर ते सरकतच नाहीत, आणि चाकाचा थरकाप थेट चेसिसमध्ये जातो. गंजलेल्या पाट्यांत हे जास्त जाणवतं. या घर्षणाने थोडाफार डॅम्परचाही उपयोग होतो हे खरं, पण तो कमीजास्त करता येत नाही. नाशिकला तयार होणाऱ्या महिंद्रा थारच्या मागच्या बाजूला पूर्वी पाटे होते. २०२० च्या नव्या थारमध्ये मागचा अखंड ॲक्सल ठेवून त्याला कॉइल स्प्रिंग दिल्या गेल्या. जुनी आणि नवी थार एकाच घाटातल्या कच्च्या रस्त्यावर चालवणाऱ्याला फरक कुठून आला हे यावरून कळावं.

शॉक कडक म्हणजे चांगला?

दबलेली स्प्रिंग साठवलेली ऊर्जा परत देते. तिला आवरलं नाही तर गाडी एका खड्ड्यानंतर कितीतरी वेळ डोलत राहील. शॉकमधला दट्ट्या तेलातून सरकतो, तेल बारीक छिद्रांतून जाताना विरोध करतं आणि ऊर्जेची उष्णता होते. दट्ट्या जितका जलद, तितका विरोध जास्त. बहुतेक शॉक दबताना कमी आणि सुटताना जास्त अडवतात. दबताना फार अडवलं तर दगडाचा ठोसा स्प्रिंगला टाळून शॉकमधून सरळ धडाला बसतो.

सुटताना फार अडवलं तर काय होतं, हे पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या रस्त्यावर दिसतं. लाटा ६० सेंटिमीटर अंतरावर असतील आणि वेग ताशी ३० किलोमीटर असेल, तर चाकाला सेकंदाला सुमारे १४ ठोके बसतात. कडक शॉक चाकाला पूर्ण खाली येऊच देत नाही, तेवढ्यात पुढचा ठोका बसतो. गाडी हळूहळू खाली बसत जाते, स्प्रिंगची उरलेली चाल संपते आणि मऊ स्प्रिंग असलेली गाडीसुद्धा लाकडी वाटू लागते. चाक जमिनीवर टेकत नसल्याने ब्रेक आणि स्टीअरिंगही ढिले पडतात, म्हणजे प्रश्न फक्त कंबरेचा राहत नाही.

अशा रस्त्यावर बराच वेळ गेल्यावर तेल तापून पातळ होतं. साध्या शॉकमध्ये ते आतल्या वायूत मिसळून फेसाळतं आणि विरोध कमी होतो. फ्रेंच अभियंता बूर्सिए द कार्बोन यांनी १९५० च्या दशकात यावर उपाय प्रचारात आणला: एकाच नळीत तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन, मध्ये सरकता दट्ट्या. बाहेर तेलाची वेगळी टाकी जोडलेले महागडे शॉक हेच काम आणखी थंडपणे करतात. आठवड्यातून एकदा शेतावर जाणाऱ्याला त्यांची गरज क्वचितच पडते. लडाखमध्ये दिवसभर कच्च्या रस्त्याने जाणाऱ्याची गोष्ट वेगळी.

अखंड ॲक्सलचाही परिणाम होतो. एक चाक वर गेलं की दुसरंही तिरकं होतं, त्यामुळे मारुती जिम्नीसारख्या गाडीत दगडांवर डोकं डावीउजवीकडे हलतं. वेग कमी करणं हाच त्यावरचा स्वस्त उपाय आहे.

खर्चाआधी तपासणी

सर्वांत पहिली स्प्रिंग टायर असते. कच्च्या वाटेवर हवा थोडी कमी केली की बारीक हादरे बरेच घटतात, मात्र डांबरी रस्त्यावर येताच ती पूर्ववत भरावी लागते. गाडी उंच करणाऱ्या कडक स्प्रिंगच्या किटने जमिनीपासूनचं अंतर वाढतं, पण आराम वाढेलच असं नाही.

शॉक संपल्याची खूण म्हणजे नळीवर ओघळलेलं तेल, किंवा गतिरोधकानंतर दोन-तीनदा डोलणारी गाडी. दट्ट्याचा दांडा उघडा दिसत असेल, तर त्याच्याभोवती प्लास्टिकचा बारीक टाय घट्ट बांधून तो नळीच्या तोंडाशी सरकवावा आणि नेहमीच्या वाटेवर एक फेरी मारावी. टाय दांड्याच्या टोकापर्यंत गेला असेल, तर चाल संपते आहे आणि गाडी बंप स्टॉपवर आपटते आहे. तो थोडाच सरकला असेल आणि तरी अंग हादरत असेल, तर आधी टायरमधली हवा आणि स्प्रिंगचा कडकपणा तपासावा.