विनोद शिळा होतो म्हणजे नक्की काय होतं?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एका प्रकरणाच्या कच्च्या खर्ड्यात मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलं होतं, "संदर्भ मेला की विनोदही मरतो." मार्गदर्शक बाईंनी त्या वाक्याभोवती पेन्सिलीने गोल केला आणि बाजूला एकच शब्द लिहिला: "कशावरून?" त्या एका शब्दापायी माझं जवळजवळ वर्ष गेलं. संशोधनाला सुरुवात करताना तुमच्याकडेही अशी दोन-चार "उघड सत्यं" असणार, म्हणून हे सगळं सांगतेय.

माझा आधार होता वसंत सबनीस. त्यांची दोन कामं एकमेकांशेजारी ठेवून बघा. पहिलं, 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य. १९६५ मध्ये दादा कोंडके यांनी ते रंगभूमीवर आणलं. दुसरं, १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी' हा सचिन पिळगांवकर दिग्दर्शित चित्रपट. त्याचे संवाद सबनीसांचे. लेखक एकच, पण दोन्हीकडे चालू काळाचे संदर्भ अगदी उलट पद्धतीने येतात.

'विच्छा' तमाशाच्या परंपरेतून आलं. गण, गवळण, बतावणी, वग हा तमाशाचा क्रम तुम्हाला माहीत असेलच. बतावणीत सोंगाड्या गावातल्या, सरकारातल्या, कालपरवाच्या घडामोडींवर बोलतो. वगातली गोष्ट राजा-कोतवालाची असली तरी टोले आजच्या माणसांना बसतात. दादांचा हवालदार हेच करायचा. आजच्या प्रयोगाला जी कोटी हशा घेऊन गेली, ती पुढच्या महिन्यात बदललेली असायची. म्हणजे संदर्भ शिळा होणार हे या कलाप्रकाराने आधीच धरून चाललं होतं. दूध रोज ताजं आणायचं, उरलं तर फेकायचं, तसं.

चित्रपटाला ही सोय नाही. एकदा रीळ बंद झालं की संदर्भ आहे तिथेच थांबतो. माझ्या सिद्धांताप्रमाणे 'बनवाबनवी' आज मेलेला असायला हवा होता. पण २००० नंतर जन्मलेली मुलंसुद्धा धनंजय मानेंच्या नावाने मीम्स पाठवतात. औषधाच्या नावाखाली घरमालकाकडून घेतलेले ते सत्तर रुपये आठवा. आज सत्तर रुपयांसाठी कोणी एवढं रडणार नाही. रक्कम शिळी झाली, विनोद नाही. का?

कारण तो विनोद रकमेवर उभाच नाही. औषधासाठी घेतलेले पैसे बुडाल्याची बातमी माणूस गेल्यासारखी गंभीरपणे सांगणं, यावर तो उभा आहे. सत्तरच्या जागी सातशे घाला, चालतं. कथेचा पायाही तसाच. एकट्या मुलांना घर न देणारे मालक हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' मध्ये १९६६ साली होते, त्यावर आधारित 'बनवाबनवी' मध्ये १९८८ साली होते, आणि पुण्यात खोली शोधत फिरला असाल तर आजचं मी सांगायला नको.

इथे पहिला धडा मिळाला. संदर्भ दोन प्रकारचे असतात. काही विनोदाचे खांब असतात, काही नुसता रंग. खांब गेला तर विनोद कोसळतो. रंग उडाला तर तो जुना दिसतो, पण उभा राहतो. कुठला संदर्भ खांब आहे हे ओळखायची साधी युक्ती म्हणजे तो बदलून बघायचा.

मग तिसरा प्रकार सापडला. तो मला मुलाखतीत भेटला. सातारा जिल्ह्यातले एक निवृत्त एसटी कंडक्टर. तरुणपणी त्यांनी अशी लोकनाट्यं पुष्कळ पाहिलेली. मी रेकॉर्डर लावला आणि विचारलं, "काका, एखादा विनोद आठवतो का?" ते आधी पोटभर हसले. मग म्हणाले, साखरेवर काहीतरी होतं. पुढची दहा मिनिटं त्यांनी मला रेशनची रांग समजावून सांगितली. शेवटी विनोद आलाच नाही. "आता तुला नाही हसू यायचं, पोरी," ते म्हणाले. "तेव्हा त्या रांगेत आमची आई उभी असायची."

ही मुलाखत 'विच्छा'चा पुरावा म्हणून मला वापरता येत नाही. साठेक वर्षांनंतरची आठवण आहे, कुठल्या प्रयोगातली तेही नक्की नाही. पण दुसऱ्या एका गोष्टीचा ती पुरावा आहे. विनोदाचा खांब केव्हाच पडला होता, तरी काका हसत होते. ते विनोदाला हसत नव्हते. त्या रांगेत उभ्या असलेल्या आईची त्यांना आठवण आली होती.

नॉस्टॅल्जिया हा शब्द योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये बाझेलला सादर केलेल्या प्रबंधात घडवला. घर सोडून लांब गेलेल्या माणसांच्या आजाराचं ते नाव होतं. घरी परतणं आणि वेदना अशा अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडलेले. स्वेतलाना बॉइम यांनी २००१ च्या पुस्तकात त्याचे दोन प्रकार केले. एकात माणसाला गेलेलं घर पुन्हा जसंच्या तसं बांधायचं असतं. दुसऱ्यात ते गेलंय हे त्याला माहीत असतं आणि तो त्या ओढीशीच रेंगाळतो. काका दुसऱ्या प्रकारातले.

म्हणजे तोच संदर्भ मला शिळा वाटला आणि काकांना हळवा. फरक संदर्भात नव्हता, ऐकणाऱ्यात होता. म्हणून आता मी प्रत्येक विनोदापुढे तीन काळ लिहिते: गोष्ट कुठल्या काळातली, विनोद रचला कधी, आणि ऐकणारा कुठल्या काळातला. "हा विनोद जुनाट आहे" असं लिहायचा मोह झाला की चौथा प्रश्नही विचारते. जुनं काय झालंय, माहिती की मूल्यं? साखरेची रांग माहीत नसणं वेगळं. एकेकाळी बाईच्या अंगावरून किंवा कुणाच्या व्यंगावरून सहज केलेली कोटी आज ऐकवत नाही, हे वेगळं. पहिल्याला तळटीप पुरते. दुसऱ्यात संदर्भ पूर्ण कळतो, आणि कळतो म्हणूनच हसू येत नाही.

एक सावधगिरी मात्र माझ्याकडून उशिरा बाळगली गेली, तुम्ही आधीच बाळगा. लोकनाट्याची छापील संहिता हातात आली की वाटतं, प्रयोग मिळाला. तसं नसतं. रोज बदलणाऱ्या कोट्या संहितेत नसतात, आणि लोक हसायचे ते बऱ्याचदा त्यांनाच. आपल्याकडे उरलेले विनोद हे टिकणारे विनोद आहेत. त्यावरून "चांगला विनोद कालातीत असतो" असा निष्कर्ष काढणं म्हणजे जत्रा उठल्यावर मैदानात उरलेल्या खांबांवरून जत्रेचं वर्णन करणं. ज्याने एका रात्री हजार माणसांना हसवलं आणि दुसऱ्या दिवशी टाकून दिलं गेलं, तो विनोद वाईट नव्हता. त्याचं काम झालं होतं.

माझं पहिलं वाक्य प्रबंधातून गेलं. त्याच्या जागी आता दीड पान आहे. बाईंनी तेही वाचलं आणि एका ठिकाणी पुन्हा पेन्सिलीने गोल केलाय. या आठवड्यात सातारची एसटी पकडून काकांकडे परत जायचंय. आईबद्दल मी त्यांना काहीच विचारलं नव्हतं.